उंची एकशे सत्तावन्न

"घ्या, घ्या, घ्या, पूर्ण छाती भरा... आता फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका, अजून..."

शीला हरदास टेबलावर हात आपटत ओरडत होत्या. समोर स्टुलावर भगवानराव बसले होते. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, डोळे बाहेर आलेले. पाचव्या सेकंदाला त्यांनी नळी काढली आणि खोकत सुटले.

"मॅडम, इतक्या जोरानं तं लग्नातला सनईवाला बी नाई फुंकत."

"सनईवाला दमला तर बाजूचा सूर धरतो. तुमच्या बाजूला कोणी नाही. सहा सेकंद लागतात. चला, पुन्हा."

"तिसऱ्या खेपेले जीव गेला तं शिक्का मारान ना फिटचा?"

बाकावर बसलेले चौघे हसले. सगळे वणीजवळच्या कोळसा धुण्याच्या कारखान्यातले कंत्राटी कामगार. वर्षातून एकदा कंत्राटदार कंपनी त्यांना या खासगी तपासणी केंद्रात पाठवी. रक्त, डोळे, कान, छातीचा फोटो आणि शेवटी शीलाबाईंची खोली. कामगारांत तिला फुंकणीची खोली म्हणत.

तिसऱ्या खेपेला भगवानरावांना सहा सेकंद जमले. शीलाबाईंनी पडद्यावरचा आकडा पाहिला आणि काही बोलल्या नाहीत.

"उंची?" भगवानरावांनी हळूच विचारले.

"टाकली."

"नेहमीसारखीच ना?"

"जा आता. पुढच्याला पाठवा."

पुढचा कामगार आला नाही. दारात एक बाई उभी होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर, हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रेचे मोठे पाकीट दुमडून कोंबलेले.

"वळखलं का बाई? मी बिजली. बाबूसिंग राठोडची."

शीलाबाईंनी ओळखले. चार वर्षांपूर्वी बाबूसिंगला ताप होता तेव्हा ही त्याला घेऊन आली होती.

"कसे आहेत ते?"

"तांड्यावर हाय. दारव्ह्याले. संडासले जाऊन येते तं घंटाभर बसते." तिने पिशवीतून एक कागद काढला. "हे मंडळाचं पत्र आलं. पोट्ट्यानं वाचलं, पन आमाले समजलं नाई. तुमचंच नाव लिवून हाय म्हने त्याच्यात."

पत्र पाऊण पानाचे होते. कामाच्या ठिकाणच्या धुळीने होणाऱ्या आजारांची प्रकरणे तपासणाऱ्या तीन डॉक्टरांच्या मंडळाने बाबूसिंगचा अर्ज पाहिला होता. अर्जदाराच्या कामाच्या शेवटच्या तीन वर्षांतील फुप्फुसक्षमता चौऱ्याऐंशी, एक्याऐंशी आणि ऐंशी टक्के, म्हणजे सामान्य असल्याचे दिसते. सबब आजार कामावर असताना जडला असे म्हणता येत नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. खाली, संदर्भात, तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञ म्हणून श्रीमती हरदास यांचे नाव होते.

"काय म्हनते कागद?" बिजलीबाईने विचारले.

"म्हणतो की काम सोडलं तेव्हा ते चांगले होते."

"चांगला?" बिजलीबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. "काम सोडलं तवा त्याच्यानं शिडी चढनं होत नव्हतं, बाई. म्हनून तं सोडलं."

शीलाबाईंनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "तीन दिवसांनी या," त्या म्हणाल्या. "नाही, येऊ नका. मीच फोन करते."

*

शीलाबाईंच्या माहेरी तीन पिढ्या नोंदी लिहून जगल्या. आजोबा पोस्टमास्तर, वडील कोर्टात नाझर, थोरला भाऊ तहसीलमध्ये. शीलाबाई अठ्ठावीस वर्षे याच कामात होत्या. आधी सरकारी दवाखान्यात करारावर, मग इथे. नवरा वारल्यावरही त्यांनी चौदाव्या दिवशी खोली उघडली होती. सकाळी तीन लिटर हवेचा पिचकारीसारखा पंप यंत्राला लावून त्या आधी यंत्र बरोबर मोजते आहे ना ते पाहत. ते त्यांनी एकही दिवस चुकवले नव्हते.

यंत्राचा हिशेब साधा असतो. माणूस एका दमात किती हवा बाहेर टाकतो ते यंत्र स्वतः मोजते. त्याने किती टाकायला हवी होती, हे ते त्याच्या वयावरून आणि उंचीवरून काढते. उंच माणसाची फुप्फुसे मोठी, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही मोठी. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की टक्के येतात. कंपनीची रेघ ऐंशीवर होती. ऐंशीच्या खाली गेलेल्याला दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवत.

वय आधार कार्डावरून येते, ते बदलता येत नाही. उंची कोणत्याही कार्डावर नसते. ती शीलाबाई भिंतीवरच्या पट्टीवर मोजत आणि हाताने टाकत.

चार वर्षांपूर्वी बाबूसिंग राठोड या स्टुलावर बसला होता. क्रशरवर काम करणारा, एकशे बहात्तर सेंटीमीटरचा, रुंद छातीचा माणूस. तीन वेळा फुंकून सर्वांत चांगला आकडा आला तीन लिटर आणि वर थोडे. त्याच्या वयाला, उंचीला तीन लिटर नव्वद हवे होते. सत्त्याहत्तर टक्के.

"कमी आलं," शीलाबाई म्हणाल्या.

"मशीन खोटं बोलून राह्यलं, मॅडम. मी तं पूर्ण जोर लावला."

"मशीन खोटं बोलत नाही, बाबूसिंग."

"मंग तुमी तं बोलू शकता ना?"

तो हसत म्हणाला होता आणि मग हसला नाही. पोरीची बारावी होती, म्हातारी अंथरुणाला होती, क्रशर सोडून दुसरे काम त्याला कोणी देणार नव्हते. हे सगळे त्याने सांगितले. रडला नाही, पाया पडला नाही. स्टुलावर तसाच बसून राहिला. बाहेर बाकावर नऊ जण थांबले होते.

शीलाबाईंनी एकशे बहात्तर पुसून एकशे सहासष्ट टाकले. यंत्राने नवा भागाकार केला. चौऱ्याऐंशी टक्के.

लिटरला आपण हात लावला नाही, असे त्यांनी त्या दिवशी स्वतःला सांगितले. फुंकर त्याची होती आणि ती जशीच्या तशी कागदावर होती. खोटे होते ते सहा सेंटीमीटर, आणि सहा सेंटीमीटरने कोणाचे काय बिघडते?

पुढच्या वर्षी त्याची हवा पावणेतीन लिटर झाली आणि उंची एकशे बासष्ट. त्याच्या पुढच्या वर्षी हवा अडीच लिटर, उंची एकशे सत्तावन्न. टक्के ऐंशी, काठोकाठ. तोवर गोष्ट बाकावर पोचली होती. कामगार पट्टीखाली गुडघे वाकवून उभे राहत. "मॅडम, यंदा मी किती खुजा?" असे विचारत. "आपल्या कारखान्यात मानूस खडूवानी झिजते बे, पन फेफडं मातर नवंकोरं राह्यते," असे भगवानराव म्हणत आणि सगळे खोकेपर्यंत हसत. शीलाबाई ओरडायच्या, "सरळ उभे राहा रे." मग आतल्या खोलीत बसून ज्याला जितके लागतील तितके सेंटीमीटर कमी करायच्या. एकतीस माणसे झाली होती. एकाकडूनही त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

*

डॉ. पियूष खानझोडे यांनी दार लावून घेतले. केंद्र त्यांचे होते. वयाने ते शीलाबाईंच्या मुलाएवढे, आणि त्यांना पहिल्यापासून मॅडमच म्हणत आले होते.

"बाबूसिंगचं पत्र मी वाचलं. तुम्ही काय करायचं म्हणता?"

"लिहून देते. खरी उंची काय होती आणि मी काय टाकली. तिन्ही वर्षांचं. लिटर खरे आहेत, सर. खऱ्या उंचीनं भागले तर सत्त्याहत्तर, एकाहत्तर, पासष्ट येतात. तिथल्या तिथे दिसतं की कामावर असतानाच घसरत होते."

"आणि बाकीचे तीस?"

शीलाबाईंनी टेबलावरचे पत्र उलटे करून ठेवले.

"मी सांगतो. कंपनी सगळ्यांची फेरतपासणी करेल, दुसरीकडे. आठवड्यात निम्मे लोक गेटबाहेर. त्या प्रत्येक कागदावर खाली सही माझी आहे, ते सोडा. मॅडम, तुम्ही त्यांच्यावर दया केली. आता दयाच करा. गप्प बसा."

"तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "एकशे बहात्तरचा माणूस दोन वर्षांत एकशे सत्तावन्न होतो, हे मला दिसत नसेल असं वाटलं तुम्हाला?"

ते चिडून बोलले नाहीत. तेच शीलाबाईंना जास्त लागले. चार वर्षे त्या समजत होत्या की हे पाप आपल्या एकटीचे आहे. ते सगळ्यांच्या सोयीचे होते, आणि करायला मात्र त्यांनाच ठेवले होते.

त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिले. दोन पाने, वडील लिहायचे तशा अक्षरात, प्रत्येक वर्षाची खरी उंची, टाकलेली उंची, लिटर आणि दोन्ही भागाकार. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. मग बिजलीबाईला फोन केला.

"व्हय का बाई?" पलीकडून आवाज आला. "म्हंजे आता होईन?"

"आकडे खरे आहेत. व्हायला पाहिजे."

*

मंडळ महिन्यातून एकदा यवतमाळला बसे. बाबूसिंगला जिन्यावरून वर आणायला वीस मिनिटे लागली. शीलाबाईंनी त्याला दोन वर्षांनी पाहिले. खांद्यांची रुंदी तेवढीच होती, त्यांच्यामध्ये काही उरले नव्हते. गळ्याजवळचे खड्डे दर श्वासाला आत ओढले जात होते.

"मॅडम," तो म्हणाला. पुढचा श्वास. "कशा... हाव?"

शेजारच्या खोलीत एका तरुण तंत्रज्ञाने त्याची नव्याने तपासणी केली. दार उघडे होते. मुलगा कामात नीट होता, पण आवाज चढवत नव्हता. "फुंका," असे म्हणून तो पडद्याकडे पाहत राही. बाबूसिंग दोन सेकंद फुंकायचा आणि खोकल्याने वाकायचा. शीलाबाईंचा हात आपोआप बाकावर आपटला. "अजून, बाबूसिंग, अजून, सोडू नका..."

"बाई, तुम्ही बाहेर बसा," मुलगा म्हणाला. त्याने दार लोटून घेतले.

आत सहा प्रयत्न झाले. एकही सहा सेकंदांपर्यंत गेला नाही.

नंतर शीलाबाईंना मंडळासमोर बोलावले. मधल्या खुर्चीवर एक वयस्क डॉक्टरीण होती, शांत, थकलेली. तिच्यासमोर ते दोन पानांचे पत्र होते आणि तिने ते खरोखर वाचले होते. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"उंची तुम्ही जाणूनबुजून चुकीची टाकली?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो. पण लिटर बरोबर आहेत. ते यंत्र लिहितं."

"यंत्र कोण चालवत होतं?"

"मी."

"रुग्णानं पूर्ण जोर लावला की नाही, हे कोण ठरवत होतं?"

"मीच. अठ्ठावीस वर्षं मी..."

"यंत्राची रोजची जुळणी केल्याच्या नोंदी कोण ठेवत होतं?"

डॉक्टरिणीने पेन्सिल खाली ठेवली. "मॅडम, तुम्ही खोटं बोलत आहात असं मी म्हणत नाही. मला व्यक्तिशः तुमचं पटतंसुद्धा. पण नोंद ठेवणारी स्वतःच म्हणते की मी नोंदी बदलल्या. मग त्यातल्या कोणत्या धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे मी कशावरून ठरवू? तुम्ही सांगता म्हणून?"

बारा दिवसांनी निकाल आला. तिन्ही वर्षांच्या नोंदी अविश्वसनीय म्हणून बाजूला ठेवण्यात आल्या. मंडळापुढील चाचणी अपुऱ्या प्रयत्नामुळे ग्राह्य नाही. छातीच्या फोटोतील डाग पूर्वी उपचार घेतलेल्या क्षयाचेही असू शकतात. पुराव्याअभावी अर्ज निकाली काढण्यात येतो.

बाबूसिंगला क्षय कधी झालाच नव्हता. काम सोडल्यावर कोणीतरी त्याला सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. पण तेही कागदावर होते.

*

केंद्राने शीलाबाईंना काढले नाही. डॉ. खानझोडे यांनी राजीनामा मागितला आणि त्यांनी दिला. कंपनीने कामगारांना चंद्रपूरला नेऊन तपासले. उरलेल्या तीसपैकी एकोणीस अनफिट. भगवानराव त्यांतले एक. मंगळवारी भाजी घेताना ते शीलाबाईंना समोर आले. नमस्कार केला नाही, पण वाटही सोडली नाही.

"मॅडम, एक सांगा. बाबूसिंगचं काई भलं झालं का?"

"नाही."

"मंग आमचं काहून केलं हे?"

"भगवानराव, तुमची हवा दोन लिटर दहावर आली आहे. तुम्हाला त्या धुळीत ठेवणंच..."

"दोन लिटर दहा." भगवानरावांनी मान हलवली. "हे तुमाले माहीत होतं, अन् मले आज सांगून राह्यल्या. तुमी आमाले कवाच आकडा नाई सांगतला. निस्ती उंचीच सांगतली."

ते बाजूला झाले. त्यांच्या पिशवीतून मेथी बाहेर आली होती. खोकताना ती हलत होती.

*

दोन दिवसांनी शीलाबाई पहाटेच्या एसटीने निघाल्या. यवतमाळला गाडी बदलून दारव्हा, तिथून काळी-पिवळी जीपने फाटा. तांडा रस्त्यापासून दीडशे पावलांवर होता. बाबूसिंग ओट्यावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता. त्यांना पाहून तो उठायला लागला.

"बेस, बेस," बिजलीबाई त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, ओरडली आणि आतून पाणी घेऊन आली. मग ती खांबाला टेकून उभी राहिली. शीलाबाईंनी रस्ताभर जुळवलेली वाक्ये म्हटली. चूक झाली. लवकर बोलायला हवे होते. अजून वर अपील करता येईल, अर्ज मी लिहून देईन.

"लिवू नका," बिजलीबाई म्हणाली.

"बिजलीबाई..."

"नका लिवू. तुमचं खोटं बी कागदावर झालं अन् खरं बी कागदावरच झालं. त्या पयल्या साली तुमी नापास केलं असतं तं हा घरी आला असता. उपाशी राह्यलो असतो. दुसऱ्याच्या वावरात गेलो असतो. पन हा चालत गेला असता, बाई. तीन लिटर होतं म्हने ना तवा? ते कुठी गेलं? तुमी त्याले दोन वर्स अजून तिथं धाडलं."

हा हिशेब शीलाबाईंनी मांडला नव्हता. चार वर्षे त्या टक्केच पाहत होत्या. तीन लिटरचे अडीच होताना त्यांनी प्रत्येक वेळी आकडा वाचला होता, तो बरोबर लिहिला होता, आणि माणसाला परत क्रशरवर पाठवला होता.

"म्याच..." बाबूसिंग म्हणाला. श्वास घेतला. "म्हनलं होतं... त्याईले."

"तू गप बस. बोलू नको."

त्याने हात पुन्हा गुडघ्यांवर टेकले.

चहा झाला. साडेबाराची गाडी होती. शीलाबाई उठल्या तसा बाबूसिंगही उठला. बिजलीबाईने अडवले, त्याने हातानेच तिला बाजूला केले. पाहुणी फाट्यापर्यंत एकटी जाणार नाही, एवढेच त्याच्या चेहऱ्यावर होते. त्याने पायात चपला घातल्या आणि तेवढ्यासाठीच त्याला दोन श्वास थांबावे लागले.

दीडशे पावलांत तो पाच वेळा थांबला. शीलाबाई प्रत्येक वेळी आपल्याच पायात काहीतरी अडकल्यासारख्या थांबत. फाट्यावर कडुलिंबाखाली त्याने खोडाला हात लावला. त्यांनी घड्याळात पाहिले, गाडीसाठी नव्हे. सवय होती. मिनिटाला चौतीस श्वास. प्रत्येक श्वास अंदाजे पाव लिटरचा. छाती पाहून एवढे त्यांना सांगता येत होते. चौतीस गुणिले पाव, साडेआठ लिटर. धडधाकट माणूस स्वस्थ बसला तर मिनिटाला साडेसातच लिटर हलवतो. म्हणजे बेरजेत बाबूसिंग पुढे होता. पण प्रत्येक श्वासातले दीडशे मिलिलिटर घशात आणि नळ्यांतच राहतात, रक्तापर्यंत पोचत नाहीत. मोठा श्वास घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पाव लिटरवाल्याचे निम्म्याहून जास्त तिथेच जाते. साडेआठ लिटरमधून पाच लिटर दहा वजा. उरले साडेतीनला थोडे कमी. तेवढ्यावर तो उभा होता, चालला होता, आणि आता रस्त्याकडे पाहत होता.

काळी-पिवळी आली. मागे बाया, पोरे, सोयाबीनची पोती, टपावर दोन माणसे. कंडक्टर पोरगा एका माणसाला सरकवून शीलाबाईंना मागच्या बाकावर जागा करू लागला.

बाबूसिंगने खोडावरचा हात काढला. चार पावले चालून तो ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला आणि तोंड उघडून थांबला. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने इंजिन बंद केले.

"बाईले..." बाबूसिंग म्हणाला. "समोर..." मग बराच वेळ काही नाही. "बसव."

"हाव काका," ड्रायव्हर म्हणाला, आणि समोरच्या सीटवरचे पोते उचलून त्याने मागे टाकले.